येते म्हणून उठायचं

सूनबाई त्या ऑफिसात परीक्षा देऊन लागली होती, पण ते कुणाला पटवत बसण्यात अर्थ नव्हता. तिच्या सासूने तिथे उभी हयात काढलेली, आणि निवृत्त होऊन खुर्चीची ऊबही अजून गेली नव्हती. सासूला सगळे ‘बाई’ म्हणत. मग हिला काय म्हणायचं? साहेबांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांनी न बोलता एकमत केलं आणि ती सूनबाई झाली. पगाराच्या कागदावर तिचं स्वतःचं नाव होतं, तेवढाच काय तो पुरावा.

खातं होतं बस कंपनीचं. तळघरात थंड खोलीत एक जुनं मेनफ्रेम मशीन घुमत असे, एका सुरात, जात्यासारखं. त्याला सगळे आजोबा म्हणत. वरच्या मजल्यावर टर्मिनलं ओळीने मांडलेली, आणि तिथून आजोबांना कामं सांगायची. आजोबा ऐकत सगळं, पण सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तसंच.

सगळ्यात मोठं काम म्हणजे ड्यूटीचा तक्ता. उद्या कुठल्या ड्रायव्हरने कुठली गाडी कुठे न्यायची, ते आजोबा ठरवत आणि डेपोत छापून देत. तक्ता बनवणारी स्क्रिप्ट, म्हणजे आजोबांसाठी ओळीने लिहिलेल्या सूचना, बाईंनी लिहिलेली. तिला एक खोड होती. मागच्या वेळी यादीत कुठे थांबलो ते ती विसरे आणि पुन्हा वरून सुरुवात करी. त्यामुळे पहाटेची पहिली गाडी फिरून फिरून त्याच दोघाचौघांच्या गळ्यात. त्यातल्या एकाची बायको म्हणे सांगत असे, की नवरा रंगाने कसा आहे ते तिला सुट्टीच्या दिवशी कळतं.

सूनबाईने नवी स्क्रिप्ट लिहिली. थांबल्या जागी खूण करून ठेवणारी आणि पुढच्या वेळी तिथून धागा उचलणारी. साहेबांनी ती चष्मा लावून वाचली, चष्मा काढून पुन्हा वाचली.

“शनिवारचा तक्ता तुमच्या स्क्रिप्टने बिनचूक निघाला, तर तक्त्याचा चार्ज तुमच्याकडे,” ते म्हणाले. “नाही निघाला, तर काम बाहेरच्या मंडळींना. आणि तुम्ही चौकशीच्या खिडकीत.”

चौकशीच्या खिडकीत दिवसभर लोक येऊन गाडी कुठे आहे ते विचारत. गाडी कुठे आहे हे खिडकीला कधीच माहीत नसे.

शुक्रवारी तिने स्क्रिप्ट चालवून पाहिली. तक्ता निघाला. जुनाच. पहाटेच्या गाडीवर तीच नावं, जागची न हललेली. तिने स्क्रिप्ट तपासली, पुन्हा चालवली. जुनाच. मग तिने तक्त्याचं शीर्षक बदलून ‘नवा तक्ता’ असं केलं आणि चालवून पाहिलं. आजोबांनी ‘तक्ता’ असं छापून दिलं.

दुपारच्या पाळीला तिची खुर्ची घेणारी सहकारी मागे येऊन उभी राहिली होती. तिला सगळे गोगलगाय म्हणत, कारण ती एका बोटाने टाइप करी आणि त्या बोटालाही विश्रांती देई.

“अगं, आजोबांना ऐकायला कमी येत असेल,” गोगलगाय म्हणाली.

“मी ओरडत नाहीये, टाइप करतेय.”

“मग तुझं ऐकायचंच नसेल त्यांना.”

तेव्हा सूनबाईला सुचलं, की आजोबांनाच विचारावं, तुम्ही शोधता कुठे. हे जे मशीन होतं, त्याच्या पोटात स्क्रिप्टा ठेवायची फडताळं होती, त्यांना लायब्ररी म्हणत. टर्मिनलवर कामाला बसताना सेशन उघडलं की एक छोटी सुरुवातीची स्क्रिप्ट ही फडताळं ओळीने लावून देई. मग तुम्ही नाव उच्चारलं, की आजोबा पहिल्या फडताळापासून शोधू लागत, आणि त्या नावाचं जे पहिलं हाताला लागेल ते चालवत. पुढे दुसरं आहे का, नवं आहे का, चांगलं आहे का, हे बघायला ते जात नसत.

यादी पडद्यावर आली. पहिलं फडताळ बाईंचं स्वतःचं. ऑफिसची सामायिक लायब्ररी, जिच्यात सूनबाईने आपली स्क्रिप्ट त्याच नावाने ठेवली होती, ती त्याच्या मागे. म्हणजे आजोबा तिच्या दारापर्यंत आलेच नव्हते. घरी स्वयंपाकघराच्या मांडणीवर पुढच्या रांगेत कुणाचे डबे होते ते तिला आठवलं. तो विचार तिने बाजूला सारला.

संध्याकाळी सासू वाटाणे सोलत बसली होती. सूनबाई समोर बसली आणि एक मूठ शेंगा ओढून घेतल्या.

“आई, तुमची लायब्ररी अजून सगळ्यांच्या पुढे आहे.”

“पुढेच असणार. मी आधी आले.”

“तुम्ही आता तिथे नाही आहात.”

“ते मला माहीत आहे. लायब्ररीला कुणी सांगितलं का?”

“उद्या यादीतून काढते.”

सासूने एक शेंग उघडली. दाणे नीट बघितले, जणू त्यांच्यात कोणी ओळखीचं आहे. “काढ,” ती म्हणाली. “आत काय काय आहे ते बघितलंस ना?”

“तक्त्याची स्क्रिप्ट बघितली. तिच्यात चूक आहे.”

“आहे,” सासू म्हणाली, आणि दाणे ताटात पडले.

शनिवारी सकाळी आजोबांना निजवून पुन्हा उठवत. त्याआधी सूनबाईने साहेबांना विचारून सुरुवातीच्या स्क्रिप्टमधली ती एक ओळ खोडली. आजोबा उठले, सगळ्यांची सेशनं नव्याने उघडली, आणि बाईंचं फडताळ ओळीत नव्हतं. दुपारी तिने तक्ता चालवला. ‘नवा तक्ता’. पहाटेच्या गाडीवर नवी नावं, एकाखाली एक, पहिल्या पंगतीला बसल्यासारखी. तिने ती नावं पुन्हा पुन्हा वाचली. वाचताना ओठ हलत होते.

आता उठायचं. त्या ऑफिसात उठायची एक रीत होती. पाळी बदलली तरी सेशन बंद करत नसत, कारण नवं उघडायला आजोबा फार वेळ घेत. एकाने उठायचं, दुसऱ्याने त्याच सेशनवर बसायचं. आणि उठण्याआधी इंग्रजी अक्षरांत, पण आपल्या बोलीत टाइप करायचं, ‘येते’. आजोबा उत्तर देत, ‘या’. ही बाईंनी लावलेली सवय. पुरुषही ‘येते’ म्हणूनच उठत. साहेबसुद्धा. मुलाखतीला आलेल्या एका उमेदवाराला, त्याने तो पडदा बघितला तेव्हा, साहेबांनी ही तांत्रिक बाब असल्याचं सांगितलं होतं. बाकी सगळे समजत, की बाईंना रीतभात प्रिय, म्हणून हे.

सूनबाईने टाइप केलं, ‘येते’.

आजोबा म्हणाले, ‘या नावाचं काही सापडलं नाही.’

ती हसली. बाईंचं फडताळ गेलं, त्याबरोबर बाईंचे शिष्टाचारही गेले. तिने पर्स उचलली आणि कुणालाही न सांगता उठून गेली, आयुष्यात पहिल्यांदा.

घरी पोचून तिने पाय धुतले न धुतले, तोच फोन वाजला.

“अगं, काय करून ठेवलंस?” गोगलगाय इतक्या भराभर बोलत होती, की सूनबाईला तिचा आवाज ओळखेना. “डेपोत तक्ता छापत नाहीये. आजोबा म्हणतात, वापरात आहे, थांबा. सगळे ड्रायव्हर आवारात उभे आहेत. आणि स्टोअरवाल्याचंही अडकलंय, तिकीटवाल्यांचंही. जो तो म्हणतोय, दुसऱ्याने धरून ठेवलंय. साहेब इथेच उभे आहेत. काही बोलत नाहीयेत.”

साहेब काही बोलत नाहीत म्हटल्यावर सूनबाईला चौकशीची खिडकी दिसली, जाळीसकट.

“कुणी धरलंय म्हणतात?”

“तक्ता तू. म्हणजे तुझी खुर्ची. म्हणजे आता मी.”

सूनबाईच्या स्क्रिप्टला खूण लिहून ठेवायची असे, म्हणून ती तक्त्याची लायब्ररी पुरती आपल्या ताब्यात घेई. घ्यायची ओळ सूनबाईने लिहिली होती. सोडायची लिहिली नव्हती. कुणीच लिहीत नसे. त्या ऑफिसातल्या कुठल्याच स्क्रिप्टमध्ये ती ओळ तिने कधी पाहिली नव्हती, आणि नसलेली ओळ डोळ्यांत भरत नाही.

तिने फोनवर हात ठेवला. सासू दारात उभी होती, टॉवेल घेऊन. पाय ओले होते सूनबाईचे.

“आई, ‘येते’ काय करतं?”

“उघडून नाही बघितलंस?”

“नाही.”

“माझा तक्ता मात्र उघडून बघितलास.”

“त्यात चूक होती.”

“होती.” सासूने टॉवेल दिला. “येते म्हणजे, बसल्यापासून जे जे घेतलंस ते ते उलट्या क्रमाने सोडतं. शेवटचं घेतलेलं आधी. मग फडताळं होती तशी लावतं, पुढच्या माणसासाठी. लोक सोडायला विसरायचे. रोज सांगून थकले. मग म्हटलं, निरोप घ्यायला तर कोणी विसरणार नाही.”

“हे कुणाला सांगितलं का नाहीत?”

“सांगितलं असतं तर कंटाळा केला असता. रीत म्हटली की करतात.” सासूने फोनकडे हनुवटीने खूण केली. “माझी लायब्ररी परत पुढे लाव म्हणावं. मिनिटात सुटेल सगळं.”

सुटलं असतं. आणि तक्ता पुन्हा जुना निघाला असता, उद्याही आणि सोमवारीही, आणि पहाटेची गाडी त्याच माणसांनी काढली असती.

“पुढे नाही,” सूनबाई म्हणाली. “मागे लावायची. सगळ्यांच्या मागे.”

फोनमधून गोगलगायचा श्वास ऐकू येत होता, आणि त्यामागे साहेबांचं न बोलणं.

“मागे लावली तर सापडेल?” सासूने विचारलं. आवाज नेहमीचाच होता, फक्त थोडा खालून आला.

“‘येते’ दुसऱ्या कुणाकडे नाहीच ना आई. सगळीकडे शोधून शेवटी तुमच्याकडेच येणार ते.”

सासूने तिच्या हातातला टॉवेल परत घेतला, तो अजून वापरला नव्हता, आणि तिच्या पायांपाशी जमिनीवर पडलेलं पाणी पुसायला घेतलं. “मग लाव मागे,” ती म्हणाली. “बाजूला सर.”

सूनबाईने फोनवरून एक-एक अक्षर सांगितलं. गोगलगायने एका बोटाने एक-एक अक्षर टाइप केलं. प्रत्येक टर्मिनलवर तीच एक ओळ, बाईंचं फडताळ यादीच्या टोकाला जोडणारी. मग प्रत्येकाने ‘येते’ टाइप करायचं. ड्रायव्हर आवारात खोळंबलेले, आणि वर ऑफिसातला एकेक माणूस खुर्चीत बसल्या बसल्या निरोप घेत होता. साहेबांनीही घेतला. ‘या’, ‘या’, ‘या’, असं पडद्यापडद्यावर उमटत गेलं, आणि डेपोतला प्रिंटर खडखडू लागला.

“नवा तक्ता,” गोगलगाय फोनवर वाचू लागली. “पहाटेची पहिली… अगं, हे तर कुणी वेगळेच आहेत.”

“असू देत.”

सोमवारी साहेबांनी तिला बोलावलं. ज्याला वर्षानुवर्षं पहाटेची गाडी असे तो ड्रायव्हर दुपारची ड्यूटी असूनही पहाटेच येऊन बाकावर बसला होता, असं आवारातून कळलं होतं. काय करायचं ते न सुचून त्याने चहा घेतला होता, आणि मग आणखी एक.

“तक्ता उशिरा निघाला,” साहेब म्हणाले.

“हो.”

“पण बिनचूक निघाला.”

“हो.”

साहेबांनी चष्मा काढला. “मी बिनचूक म्हणालो होतो. वेळेवर म्हणालो नव्हतो.” चष्मा पुन्हा लावला. “चार्ज तुमच्याकडे. बाईंना नमस्कार सांगा.”

त्या दुपारी सूनबाईने सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये बाईंचं फडताळ कायमचं शेवटी लावलं, आणि आपल्या स्क्रिप्टच्या शेवटी एक ओळ घातली. जे घेतलं ते सोडणारी. आता तिच्या तक्त्याला ‘येते’ची गरज उरली नव्हती.

गोगलगाय खुर्चीमागे येऊन उभी राहिली. सूनबाईने पर्स खांद्याला लावली, वाकली, आणि टाइप केलं, ‘येते’. आजोबा शोधू लागले, सामायिक फडताळात, मग पुढच्यात, मग त्याच्याही पुढच्यात. जरा वेळ लागला.

“अगं, ऊठ की आता,” गोगलगाय म्हणाली.

“थांब जरा,” सूनबाई म्हणाली. पडद्यावर ‘या’ आलं, तेव्हा ती उठली.