शिंप्याचा ड्रॉवर

मिस्त्रीने मशीन घेतलं ही बातमी गल्लीत पोचायच्या आधी मशीनचा आवाज पोचला. शेजारचा शिंपी हातातली कात्री तशीच घेऊन धावत आला. त्याला वाटलं, कुणाचं तरी बरंवाईट झालं. दारातून बघतो तर मिस्त्री भिंतीला पाठ लावून उभा, आणि खोलीच्या मधोमध एक लोखंडी टेबल. टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल करवतीचं पातं गरगर फिरत होतं.

"अरे, हा काय प्रकार?" शिंपी ओरडला.

"टेबल सॉ!" मिस्त्रीही ओरडला.

"ते दिसतंय रे! पण तुझ्या घरात?"

प्रश्न अगदी रास्त होता. 'ज्याला हात नाहीत त्याने मशीन घ्यावं' हे मिस्त्रीचं वाक्य गल्लीतल्या शेंबड्या पोरांनाही पाठ होतं. गिऱ्हाइकांना ऐकवून झालं होतं, लाकूड विकणाऱ्याला ऐकवून झालं होतं. पण सगळ्यात मोठ्या आवाजात त्याने ते ऐकवलं होतं स्वतःच्या मुलीला.

मुलीला सगळे पटाशी म्हणत. सुतार लाकूड कोरायला जे धारदार, चपटं हत्यार वापरतो ना, ती पटाशी. पोरीची जीभ तशीच, म्हणून. एकुलती एक. रंध्यातून निघालेल्या लाकडाच्या साली गळ्यात घालून मिरवायची तेव्हापासून ती बापाच्या पायापायात होती. पुढे बापाच्या बरोबरीने करवत ओढायला लागली. हात चांगला होता. पण डोक्यात मशीन होतं. "बाबा, सगळं हातानेच करत बसलो तर जग पुढे जाईल आणि आपण इथेच भुसा झाडत राहू," म्हणाली. मिस्त्रीने आपलं ते वाक्य फेकलं. "मग मी जाते हात नसलेल्यांकडे," ती म्हणाली, आणि खरंच गेली. दुसऱ्या गावी फर्निचरचा मोठा कारखाना होता, तिथे लागली. बाप एक शब्द मागे घेईना, लेक एक पाऊल मागे येईना. खाण तशी माती, दुसरं काय!

तेव्हापासून दर रविवारी फोन यायचा तो आईला. शेवटी आई फोन बापाच्या कानाशी धरायची.

"जेवलात?"

"जेवलो."

झालं. एवढ्यावर बाप-लेकीचं आठवडाभराचं बोलणं संपायचं. पण फोन ठेवल्यावर मिस्त्री बराच वेळ गुळगुळीत झालेल्या फळीवरूनच पुन्हा रंधा मारत बसायचा. बायको ते बघायची आणि भांडी जरा जोरात आपटायची.

मग एका रविवारी तिने फोनवर विचारलं, "पुरे झालं की आता. येतेस का घरी, कायमची?" पलीकडून पटाशी म्हणाली, "येऊन करू काय? तिथे एक मशीन तरी आहे का?" फोनचा आवाज मोठा होता. मिस्त्रीने ऐकलं. पुढच्याच आठवड्यात मशीन दारात उतरलं.

त्याला पोरगी परत हवी होती. बस्स. पण ते तोंडाने म्हणणार कोण? म्हणून त्याने ठरवलं, ती सुट्टीला येईल तेव्हा तिच्यापुढे मशीनवर कापलेला डव्हटेलचा ड्रॉवर ठेवायचा. बोलायचं काहीच नाही. ड्रॉवरच बोलेल. निमित्तही हाताशी होतं: शिंप्याच्या टेबलाचा ड्रॉवर मोडला होता आणि बिचाऱ्याची बटणं जमिनीवर लोळत होती.

आता डव्हटेल म्हणजे काय ते सांगायला हवं. ड्रॉवरच्या कोपऱ्यात दोन फळ्या भेटतात, तिथला हा सांधा. एका फळीच्या टोकाला कबुतराच्या शेपटीसारख्या, टोकाकडे रुंद होत गेलेल्या शेपट्या कापायच्या. मग ती फळी दुसरीच्या टोकावर ठेवायची आणि शेपट्यांच्या कडेने रेघा मारून दुसरीच्या खुंट्या आखायच्या. शेपट्या आधी, खुंट्या मागून. खुंट्या शेपट्यांमधल्या खाचांत बसल्या की खिळा लागत नाही, कितीही ओढा, सांधा सुटत नाही. मिस्त्रीचे सांधे तर लांबून ओळखू यायचे. तो पट्टीने मोजायचा नाही, नजरेने आखायचा, आणि सगळ्यात खालची शेपटी जराशी बारकी ठेवायचा. ती त्याची सही.

हाताला हे सगळं चालतं. मशीनला नाही. मशीनवर पातं तिरकं करायचं, फळी घोडीला, म्हणजे लाकडी आधाराला, घट्ट धरून टोकावर उभी करायची, तिची कड अडणीला, म्हणजे टेबलावरच्या सरळ आडपट्टीला, टेकवायची आणि एक काप घ्यायचा. मग फळी फिरवून दुसरी कड त्याच अडणीला टेकवायची आणि दुसरा काप घ्यायचा. दोन्ही कापांचं अंतर कडेपासून सारखं. म्हणजे आखणीही दोन्ही बाजूंनी सारखी हवी. मिस्त्रीने आखणी केली आपल्या सवयीने, बारकी शेपटी खाली ठेवून. पहिला काप सुरेख आला. फळी फिरवली, दुसरा काप घेतला, आणि पातं सरळ बारक्या शेपटीच्या पोटातून गेलं.

त्याने दुसरी फळी घेतली. मग तिसरी. एकदाही त्याच्या मनात आलं नाही की शेपट्या सारख्या कराव्यात. ती शेपटी बारकीच असते. सूर्य जसा पूर्वेलाच उगवतो तशी.

"मशीन वाकडं आहे," तो बायकोला म्हणाला.

"हो तर," ती म्हणाली, "नाचता येईना, अंगण वाकडं." आणि फुकट गेलेल्या फळ्या उचलून तिने अंघोळीचं पाणी तापवायला नेल्या. त्या आठवड्यात घरात पाणी फार कढत होतं.

पटाशी आली ती न सांगता, सकाळच्या बसने, एका दिवसाच्या सुट्टीवर. मिस्त्रीची तारांबळ उडाली. मशीनवर चादर टाकली, उरलेले तुकडे पायाने ओट्याखाली ढकलले, आणि वर्तमानपत्र उघडून बसला. ते उलटं होतं.

"बाबा, चादरीखाली काय आहे?"

"काही नाही. टेबल."

तिने चादर ओढली. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत राहिला. पोरगी हसेल, की रडेल, की 'आता अक्कल आली' म्हणेल? तिने यातलं काहीच केलं नाही. टेबलावरून हात फिरवला, अडणी हलवून पाहिली, पात्याचा कल निरखला. मग खाली वाकून ओट्याखालून एक तुकडा काढला. मग दुसरा. प्रत्येक तुकड्यात खालच्या शेपटीचा बरोब्बर मधोमध मुडदा पडलेला.

"अगं बाई!" पटाशी म्हणाली आणि मग तिला हसू आवरेना. "बारकी शेपटी! मशीनवरसुद्धा बारकी शेपटी!"

"ठेवणारच."

"फळी फिरवून कापायची असते बाबा. दोन्हीकडून सारखी हवी."

"मग मशीनला सांग सारखी नको म्हणून."

आई आतून म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ जाईल का!"

मिस्त्री रागाने उठला, नवी फळी घेतली, मशीन सुरू केलं. दाखवतोच म्हणाला. फळी उभी धरून पात्याकडे सरकवायला लागला, आणि पटाशीने झेप घेऊन त्याचं मनगट धरलं. "बोटं! बाबा, बोटं लांब!" तिचा चेहरा पांढरा पडला होता. त्याचं मनगट मात्र दगडासारखं स्थिर होतं, केसभरही हलत नव्हतं. तिने ते लगेच सोडलं नाही. त्यानेही काढून घेतलं नाही. मशीन उगाच फिरत राहिलं.

मग तिने मशीन बंद केलं. मिस्त्रीला वाटलं, आता ही सारख्या शेपट्या आखून देणार, आणि तो मुकाट्याने मान्य करायला तयार होता. खरं सांगायचं तर तो कशालाही तयार होता. पण तिने पट्टी मागितलीच नाही. त्याने आखलेली फळीच घेतली, बारकी शेपटी बोटाच्या पेराने मापली, आणि एका फालतू तुकड्यातून पातळशी चीप कापली. पहिल्या कापाला चीप अडणी आणि फळीच्या मध्ये ठेवली. फळी फिरवल्यावर चीप काढून घेतली. तेवढ्याच फरकाने फळी सरकली, आणि पातं शेपटीच्या पोटात न शिरता अगदी रेघेवरून गेलं.

मिस्त्रीने फळी हातात घेतली. शेपट्या मशीनच्या होत्या, करकरीत, गुळगुळीत. आणि खालची बारकी. त्याची. कोपऱ्यात पात्याने सोडलेला लाकडाचा कण तेवढा तिने बापाच्या हत्यारांतली पटाशी घेऊन उडवला, त्याने शिकवलं होतं तसाच, अंगठा पटाशीच्या पात्यावर ठेवून.

"हे कारखान्यात शिकलीस?" त्याने विचारलं.

"कारखान्यात कसला आलाय डव्हटेल!" ती भुसा झटकत म्हणाली. "तिथे कडा चिकटवतात आणि स्क्रू मारतात. मी दिवसभर एकाच मापाची एकच फळी कापते. इथून गेल्यापासून शेपटी आज पहिल्यांदा कापली."

"मग?"

"मग काय?"

मिस्त्रीच्या ओठांवर आलं होतं. राहा. दोन अक्षरं. ह्या माणसाने लाकडात काय काय कोरलं असेल, पण ही दोन अक्षरं त्याला तोंडातून काढता येईनात. तो म्हणाला, "बाजूची दुसरी फळी राहिली."

दुसरी फळीही झाली. दोघांनी मिळून केली, ती चीप ठेवायची आणि तो फळी फिरवायचा. दुपार कशी सरली कळलं नाही. आई चहा ठेवून गेली, तो निवला. शेवटच्या बसची वेळ झाली तेव्हा दोन्ही फळ्यांच्या शेपट्या तयार होत्या आणि खुंटी एकही नव्हती.

"खुंट्या तुम्ही पाडा आता," पटाशी पिशवी उचलत म्हणाली. "तुम्हाला काय, हातचा मळ."

तिने ती चीप खिडकीत ठेवली आणि गेली. मिस्त्री बसपर्यंत गेला नाही. दारात उभा राहिला, ती वळणावरून दिसेनाशी झाली तरी तिथेच उभा राहिला. बायको म्हणाली, "अहो, एक शब्द बोलला असतात तर जीभ झडली असती का?"

नंतरचे दिवस शिंपी रोज डोकावू लागला.

"मिस्त्री, ड्रॉवर?"

"मशीन बिघडलंय."

"अरे, शेपट्या तर झाल्यात! खुंट्या हाताने पाड की. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात ते ऐकलं होतं, तुझ्याकडे उलटंच दिसतंय. शेपट्या झाल्या आणि हत्ती राहिला!"

"मशीन बिघडलंय म्हटलं ना!"

शिंपी डब्यांतून बटणं शोधत परत जायचा. मिस्त्री दुसरी कामं हाताने करायचा, खुर्च्यांचे पाय, कुणाची खिडकी. त्या दोन फळ्यांचं काम मात्र पुढे न्यायचा नाही. सकाळी काढायचा, फुंकर मारून धूळ उडवायचा, बारक्या शेपटीवरून अंगठा फिरवायचा, आणि परत कोनाड्यात ठेवायचा. चहाच्या दोन घोटांत झाल्या असत्या त्या खुंट्या. म्हणूनच तो त्यांच्या वाटेला जात नव्हता. पाडल्या की सांधा बसणार, ड्रॉवर शिंप्याकडे जाणार, आणि घरात पोरीचं अर्धं राहिलेलं असं काहीच उरणार नव्हतं.

रविवारी फोन वाजला. बायको पदराला हात पुसत येईपर्यंत मिस्त्रीने तो उचललासुद्धा. तिने कपाळावर हात मारला आणि दारातच थांबली.

"आई?"

"मी आहे."

"बाबा? ... जेवलात?"

"जेवलो."

नेहमीचं बोलणं इथे संपायचं. मिस्त्रीने फोन सोडला नाही.

"शिंपीकाकांचा ड्रॉवर झाला?" पटाशीने विचारलं.

"नाही."

"का? नुसत्या खुंट्याच तर राहिल्या होत्या. हाताने पाडायच्या ना."

मिस्त्रीने आपल्या हाताकडे पाहिलं. रुंद, काळा, अंगठ्याला घट्टे पडलेला हात. त्याच सकाळी त्या हाताने शेजारणीच्या चष्म्याच्या डब्बीचं सुईएवढं बिजागर बसवलं होतं.

"हाताने नाही जमत गं आता," तो म्हणाला. "थरथरतो."

दारातल्या बायकोने तोंडावर पदर धरला. आयुष्यभर ज्या हाताच्या जोरावर ह्या माणसाने जगाला तुच्छ लेखलं, त्याच हाताला तो नावं ठेवत होता, आणि तेही धडधडीत खोटं.

पटाशीने ते मनगट धरलं होतं. तिला माहीत होतं.

"कधीपासून थरथरतो?" तिने हळूच विचारलं.

"तू गेल्यापासून."

मग पलीकडे कुणीतरी नाक ओढलं.

"त्या फळ्यांना हात लावू नका," पटाशी म्हणाली. आवाज पार बदलला होता, पण धार तीच. "झाकून ठेवा. ओल लागली तर फुगतील, मग खुंट्या बसायच्या नाहीत. मी येते. इथलं काय ते आवरते आणि येते."

"बरं," मिस्त्री म्हणाला. किती दिवसांसाठी, हे त्याने विचारलं नाही. विचारायची छातीच झाली नाही.

फोन ठेवून तो आत गेला. मशीनवरची चादर काढून त्याने ती फळ्यांवर घातली, कडा नीट खाली खोचल्या, आणि खिडकीतली चीप वर ठेवली. तेवढ्यात दारातून शिंप्याची हाक आली, "मिस्त्री! अरे, आज तरी माझी बटणं घरात जाणार का?"

"मशीन बिघडलंय!" मिस्त्रीने आतूनच ओरडून सांगितलं, आणि बाहीने डोळे पुसले.