श्रावणच्या मशीनीचा फाटका आवाज

श्रावणच्या गिटारचा आवाज मोठा करणारं मशीन तिसऱ्यांदा खोललं, तवा माझं डोकं पार सटकलं होतं. सांजच्याले गडचांदूरच्या चौकात जयंतीचा कार्यक्रम, श्रावण आमच्या भीमगीत पार्टीचा गिटारवाला, अन् मशीनीतून आवाज येऊन राह्यला फाटका! त्या मशीनीत दोन बाजू. एक मुद्दाम खरखर करणारी, दुसरी साफ. आमाले साफच पाह्यजे, गाण्यातला शब्द लोकायले ऐकू आला पाह्यजे ना! अन् नेमकी साफ बाजूच घरघरत होती.

पार्टीचे म्होरके सोमाजीभाऊ सकाळीच बजावून गेले, "सांजपर्यंत नीट नाई झालं, तं याच्या जागी बल्लारशाचा पोरगा बसवतो."

श्रावणचं तोंड उतरलं. चुनखडीच्या खदानीत सुरुंग उडवणारा माणूस, गिटार हीच त्याची एक हौस.

गंमत अशी का, माझ्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी तारा छेडून पाह्यल्या का मशीन साफ वाजे. त्याच्या पडवीत आणलं का फाटे. मी वायर बदलली. स्पीकरचा कागद बोटानं चाचपला, कुठी चीर नाई. कथलाचे टाके पुन्हा मारले, हात पोळला. तुमच्या गल्लीची लाइटच खराब, असं म्हणत शेजारच्या घरून लाइन ओढली. तरी तेच. ऊन कलून राह्यलं होतं अन् मले बसवत नव्हतं.

"श्रावण, गिटार घे!"

तो पाठमोरा बसून तारा पुसत राह्यला.

"बहिरा झाला का बे? तुलेच म्हणून राह्यलो!"

मी खांदा हालवला तवा तो दचकून वळला, गिटार घेऊन बसला. या बारीले मी मशीनीकडे नाई, त्याच्या हाताकडे पाह्यलं. आवाजाचं बटन मी पाव हिश्श्यावर ठेवलं होतं. त्यानं एक सूर छेडला, कपाळाले आठी पाडली, अन् बटन सरळ शेवटपर्यंत पिळलं. घर्रर्र!

"अबे, इतकं काऊन पिळतो? फाटणार नाई तं काय होईल?" मी वरडलो.

"मंग ऐकू कसं येईल?"

मी बटन परत पावावर आणलं, हातानं खूण केली, वाजव. त्यानं वाजवलं. इतकं साफ, इतकं गोड, का त्याची बायको रुखमा चुलीपासून उठून दारात आली.

"आता झालं बाई नीट," ती म्हणाली.

श्रावण तारा छेडत माझ्या तोंडाकडे पाहून राह्यला होता. "चालू कर ना बे," तो म्हणाला.

तवा माझ्या ध्यानात आलं. सकाळपासून मी मशीनीले शिव्या देऊन राह्यलो, अन् मशीनीले काहीच झालं नव्हतं. सुरुंगानं याचे कान खाल्ले होते. सांजचा कार्यक्रम तं निभावेल, बटन मी धरून बसीन. पण बाकीचं कसं निभावणार, मले काई सुचेना.

रुखमालेबी उमगलं, ती चौकट धरून खालीच बसली. "वर्षभर भांडली मी यायच्याशी," ती म्हणाली. "हाक मारली तं ओ देत नाई, मुद्दाम करते म्हणून. अबोला धरला मी, खुशालभाऊ. अन् यायले तेबी समजलं नसन." तिले रडू फुटलं.

श्रावण तिच्या ओठाकडे पाहत होता. मंग त्यानं मले इचारलं, "काय म्हणून राह्यली रे ही?"