नऊ नंबर

“अहो, नऊ म्हणा. तोंडात मिठाची गुळणी धरलीय का?”

मी कोपराने ढोसलं तेव्हा कुठे हे म्हणाले, “नऊ.” मग मी दहा म्हणाले आणि मोजणी पुढे सरकली. गाइडने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की घरी ह्या म्हाताऱ्याला मी दोन घास तरी देते की नाही अशी त्याला शंका यावी. बघू दे. त्याची अक्कल किती ते मला बसमधून उतरल्या उतरल्याच कळलं होतं. टोपीत पीस खोवलेलं, गळ्यात शिट्टी, आणि तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव नाही. “मंडळी, या घळीत निसर्ग आपल्याशी बोलतो,” असं तो म्हणाला. निसर्ग बिचारा गप्प होता. हाच बोलत होता.

त्याने प्रत्येकाला एकेक आकडा वाटला होता. जिथे थांबू तिथे ओळीने आपापला आकडा ओरडायचा, म्हणजे कोणी मागे राहिलं तर कळतं. चांगली घोडमी माणसं, हातात डोंगर चढायच्या काठ्या, डोळ्यांवर काळे चष्मे, आणि बालवाडीतल्यासारखी आनंदाने “तीन”, “चार” करत होती. ह्यांच्या वाट्याला आधी भलताच आकडा येत होता. मी एका बाईला बाजूला सारून ह्यांना नवव्या जागेवर उभं केलं. तिने नाक मुरडलं. मुरडू दे. नऊ हा ह्यांच्या बुटाचा नंबर आहे. ह्या माणसाने सगळी नोकरी बुटांच्या दुकानात, लोकांच्या पायांशी बसून केली. बाकी काहीही विसरतील, बुटाचा नंबर विसरायचे नाहीत, असा माझा हिशेब होता.

कारण हे विसरायला लागले आहेत. चष्मा आणि किल्ल्या विसरणं नव्हे, तेवढं सगळेच विसरतात. हे जेवून उठतात आणि ताट कधी वाढणार म्हणून विचारतात. स्वतःच्याच घरात संडासाचं दार शोधत उभे राहतात. ही गोष्ट माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही, आणि ठाऊक का नाही, तर मी बोलते म्हणून. “चष्मा कपाळावर चढवून ठेवलाय आणि मला काय विचारता?” असं खेकसलं की चष्मा सापडतो. “तुमची धाकटी बहीण आहे फोनवर, तिच्याशीही अबोला धरलात का?” म्हटलं की फोनवर कोण आहे ते ह्यांना कळतं. ऐकणाऱ्याला वाटतं, काय खाष्ट बाई आहे. खाष्ट तर मी पहिल्यापासून आहेच. आता त्याचा उपयोग झाला इतकंच.

संशय आला तो सूनबाईला. ती हुशार आहे, निदान तिचं स्वतःचं तसं मत आहे. तिने गावाबाहेरचं, अशा म्हाताऱ्यांना ठेवायचं एक केंद्र बघून ठेवलं होतं. “आई, तिथे फार छान काळजी घेतात. तुम्हालाही जरा मोकळीक मिळेल.” मला कशाला हवी मोकळीक, मी काय बांधलेली होते? ते केंद्र मी पाहिलंय. माझी एक मैत्रीण तिथे होती. टीव्हीसमोर खुर्च्यांची रांग, आणि प्रत्येकाच्या छातीवर नावाची चिठ्ठी टाचलेली. टीव्ही बंद होता तरी सगळे तिकडेच बघत होते. ह्यांना मी तिथे पाठवणार नाही म्हणजे नाही. मुलगा मधला मार्ग काढण्यात पटाईत. तो म्हणाला, “आधी एक दिवस सगळे मिळून कुठेतरी बाहेर जाऊ. बाबांचं कसं काय चाललंय ते दिसेल. मग ठरवू.”

म्हणून ही घळ. ही काही सहल नव्हती. परीक्षा ह्यांची होती आणि कॉपी मी पुरवत होते.

आता घळ वाईट होती असं मी म्हणणार नाही. दोन्ही अंगांना सरळ उंच कडे, मध्ये लाकडी फळ्यांची वाट, कठडा, आणि खाली पांढरं पाणी खडकांवर आपटत चाललेलं. गार वाटत होतं. पण बघायला सवड कोणाला होती? लोक फोन समोर धरून चालत होते आणि ठेचकाळत होते. हे मात्र खाली मान घालून, लोकांचे पाय बघत चालले होते.

“बाबा,” सूनबाई मागून गोड आवाजात म्हणाली, “मागच्या वर्षी आपण कुठे गेलो होतो, आठवतं?”

आला पहिला प्रश्न. हे थांबले. मी ह्यांना पुढे बोलूच दिलं नाही.

“न आठवायला काय झालं? समुद्रावर नेऊ, समुद्रावर नेऊ, करत वर्ष काढलंत, आणि नेलंत ते दीड दिवस. तापलेल्या वाळूत अनवाणी फिरवलंत. तळपाय सोलून निघाले ह्यांचे, ते विसरतील होय?”

“तळपाय सोलून निघाले होते,” हे गंभीरपणे म्हणाले.

सूनबाई फोनमध्ये डोकं घालून चालायला लागली. मुलगा मुळातच गप्प. तो बापावर गेलाय. तोंडातून शब्द काढायचा म्हणजे त्याच्या अगदी जिवावर येतं, आणि बापाशी वर आवाजात तो जन्मात बोललेला नाही. तो नुसता ह्यांच्या मागे मागे चालत होता आणि फळी निसरडी असली की हात पुढे करून पुन्हा मागे घेत होता. धरायचं तर धर ना, पण नाही.

दुपारी वाट रुंद झाली. तिथे एक मोठा खडक होता, भोवती बसायला बाकं होती, आणि आमच्यासारखीच आणखी एक टोळी डबे सोडून बसली होती. आमच्या गाइडने शिट्टी फुंकली. “मंडळी, इथे आपलं नाव घ्यायचं. डोंगर ते तुम्हाला परत देतो.” फुकट काही परत मिळतंय म्हटल्यावर काय, रांगच लागली. एकेक जण कठड्याशी जाऊन आपलंच नाव ओरडत होता आणि समोरून ते आलं की टाळ्या पिटत होता. आपलं नाव ऐकून इतका आनंद होण्यासारखं या लोकांनी काय दिवे लावले होते, देव जाणे.

“काका, तुम्ही या. तुमचं नाव सांगा डोंगराला.”

हे कठड्याशी गेले. तोंड उघडलं. मग मान वळवून माझ्याकडे पाहिलं. ती नजर मला चांगली ओळखीची होती. घरात दार सापडत नाही तेव्हाची.

चष्मा, बहीण, समुद्र, आकडा, सगळं मी पुरवलं होतं. नाव कसं पुरवू? लग्न झाल्यापासून मी ह्यांचं नाव कागदावर लिहीत आले, तोंडाने कधी घेतलं नाही. मी म्हटलं, “घसा धरलाय त्यांचा. ओरडायला लावू नका. रात्रभर खोकत बसले तर जागायला मी आहे, डोंगर नाही.” लोक हसले. सूनबाई हसली नाही. हे चारचौघांत बुजले असतील, अशी मी माझीच समजूत घातली.

मग सूनबाईने फोटोसाठी मला ओढलं. “आई, या ना, मागे काय सुंदर दिसतंय.” एक फोटो काढला. त्यात माझे डोळे मिटले म्हणून दुसरा काढला. तेवढ्यात शिट्टी वाजली आणि मोजणी सुरू झाली. सात. आठ. आणि पुढे काहीच आलं नाही.

“नऊ कोण?” गाइड म्हणाला. “नऊ नंबर?”

मी आधी कठड्यावरून खाली पाण्यात पाहिलं. खाली नुसतं पाणी होतं. गाइडने कुठूनसं ह्यांचं नाव शोधून काढलं आणि मोठ्याने हाक मारली. समोरच्या कड्यावरून ते नाव परत आलं. मुलाने “बाबा, बाबा” करून हाका मारल्या. सूनबाईनेही नाव घेतलं, पुढे ‘बाबा’ लावून. सगळी टोळी तेच नाव ओरडायला लागली आणि सगळी घळ त्या नावाने भरून गेली. उत्तर नाही. मग मीही घेतलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही परक्या माणसांसमोर, बोंबलून. माझ्याच आवाजात ते माझ्याकडे परत आलं. ह्यांचा पत्ता नाही.

मला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की मला राग येतो.

“अहो, कुठे उलथलात?”

दुसऱ्या टोळीतल्या तीन नवऱ्यांनी एकदम माना वर केल्या. एक तर हातातला पाव खाली ठेवून उभाच राहिला. आणि खडकाच्या पलीकडून ह्यांचा आवाज आला, “आलो. ओरडतेस कशाला? गिऱ्हाईक आहे इथे.”

आम्ही वळसा घालून गेलो. चार पावलांवर तर होते. दुसऱ्या टोळीतली एक बाई दगडावर बसली होती, तिचा पाय ह्यांच्या गुडघ्यावर, आणि हे जमिनीवर बसून तिच्या बुटाची नाडी सैल करून पुन्हा ओवत होते. “चवड्याला चावतोय, टाचेला नाही,” हे तिला सांगत होते. “घालून चार पावलं चालून बघा. नाहीतर दुसरी जोडी काढतो.”

“तुम्हा सहलवाल्यांची सोय फार छान आहे हो,” ती बाई आमच्या गाइडला म्हणाली.

“हो, आम्ही सगळी काळजी घेतो,” गाइड म्हणाला. लाज नावाची चीज नाही.

“बाबा,” सूनबाई पुढे होत म्हणाली, “आम्ही किती वेळ तुमचं नाव घेऊन हाका मारतोय. तुम्हाला ऐकू नाही आलं?”

“आलं की,” हे म्हणाले. “केव्हापासून कुणाला तरी शोधतायत. सापडला का तो माणूस?”

खाली पाणी आपटत होतं. सूनबाईने मुलाकडे पाहिलं, मुलाने माझ्याकडे पाहिलं, आणि मला काय करायचं ते कळलं.

“ऐका,” मी म्हणाले. “इथे माझा जीव टांगणीला लागलाय आणि ह्यांना थट्टा सुचतेय. घरात आयुष्यभर एक विनोद केला नाही या माणसाने. जपून ठेवला होता, डोंगरात येऊन करायला.”

गाइड हसला. ती बूटवाली बाई हसली. सगळे हसतायत हे बघून हेही हसले. शेवटी सूनबाईसुद्धा हसली आणि डोळे पुसत म्हणाली, “बाबा पण ना.” मुलगा हसला नाही. तो खाली वाकला, ह्यांना दंडाला धरून उठवलं आणि ह्यांच्या गुडघ्यावरची माती झटकली. चांगला वेळ झटकत होता. मग पूर्ण वाटभर त्याने तो दंड सोडला नाही.

परतताना बसमध्ये ती दोघं आमच्या पुढच्या बाकावर बसली. सूनबाई मागे वळून मला हळूच म्हणाली, “आई, मी उगाच घाबरले होते. बाबा ठणठणीत आहेत. तुम्ही फक्त त्यांना जरा कमी बोलत जा.” बरं, म्हटलं. कधी नव्हे ते शहाण्यासारखं ऐकून घेतलं.

ह्यांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग कोटाचे खिसे चाचपले, एकदा, पुन्हा एकदा. मग माझ्या कानाशी येऊन, बेताने विचारलं, “तो माणूस सापडला का गं?”

मी तोंड उघडलं. काहीतरी टाकून बोलायचं होतं, रोजचंच, पण काही केल्या शब्द येईना.

पुढच्या बाकावरून मुलगा वळला.

“सापडला, बाबा. केव्हाच सापडला,” तो म्हणाला. मग त्याने आवाज चढवला. सवय नसल्यामुळे तो मध्येच चिरकला. “आणि पाण्याची बाटली मांडीवर ठेवून खिशांत काय शोधताय? झाकण डावीकडे फिरवा. सगळं तुम्हाला सांगायलाच लागतं का?”

“अरे, बाबांशी असं काय बोलतोस?” सूनबाई म्हणाली.

तो तोंड फिरवून समोर बघत बसला. मागून मला त्याचे लाल झालेले कान तेवढे दिसत होते.

ह्यांनी मांडीवरची बाटली उचलली, झाकण डावीकडे फिरवलं, पोटभर पाणी प्यायले आणि बाहीला तोंड पुसलं.

“झालं,” हे मला म्हणाले. “आता हाही तुझ्यासारखाच वसवस करायला लागला.”