राईत म्हणजे नेमकं कुठं?

अर्ध्या तासात येतो म्हणून सासरे ठमीला बाबागाडीत घालून फिरायला गेले, त्याला अडीच तास होऊन गेले होते. ठमी चार महिन्यांची. बाटली दाखवली की मान फिरवते. इकडे माझी छाती भरून दगड झालेली. शेवटी एकदाचा फोन आला.

"अगं, वाट चुकलो. ही फार रडतेय, लवकर ये."

"बाबा, आहात कुठं?"

"राईत."

"कुठल्या राईत?"

"झाडांच्या गं! मोहरीच्या नव्हे."

फोन कानाला लावूनच मी रस्त्यापलीकडच्या मोठ्या बागेच्या फाटकाशी धावत पोचले. पाटीवर तीन बाण. डावीकडे वुड, समोर फॉरेस्ट, उजवीकडे ग्रोव्ह.

"बाबा, पाटीवर इंग्रजीत काय होतं?"

"ते कोण लक्षात ठेवतं? वाचलं, मनातल्या मनात मराठी केलं आणि मूळ शब्द दिला सोडून."

सासरे मराठीचे मास्तर होते. आणि मी? माझ्या शाळेत वुड म्हणजे लाकूड, फॉरेस्ट म्हणजे जंगल, आणि ग्रोव्ह धड्यात आलंच नव्हतं.

"फॉरेस्ट असेल का?"

"छे! त्याला अरण्य म्हणालो असतो. इथून समोरच्या इमारतीची गच्ची दिसतेय."

फाटकावरच्या गोऱ्या बाईला फरक विचारला. तिच्या भाषेत काकू, मामी, आत्या, मावशी सगळ्यांना मिळून एकच शब्द, आणि झाडांचे मात्र हे लाड! ती म्हणाली, "फॉरेस्टमध्ये अख्खा दिवस मोडतो. वुड लहान, इकडून शिरलं की थोड्या वेळात तिकडून बाहेर. ग्रोव्हमध्ये झाडं मोजकी आणि खाली मोकळं."

खाली मोकळं म्हणजे आमराईसारखं. म्हणजे राई! मी उजवीकडे पळत सुटले. तिथं पंधरा-वीस झाडं, खाली चटईसारखं गवत, आणि चिटपाखरूही नाही.

"बाबा, तुमच्या पायाखाली काय आहे?"

"झुडपं. ठमीचा मोजा काट्यात अडकलाय."

"मग ती राई कशी?"

"का? दाट राई नसते? तुम्हा मुलांना ना…"

फोन बंद. चार्जिंग संपलं असणार. झुडपं आहेत म्हणजे ग्रोव्ह नाही, गच्ची दिसते म्हणजे फॉरेस्ट नाही. उरलं लाकूड. उलटी पळाले. वुडमध्ये शिरले तर तिथंही वाटेला दोन फाटे! उभी राहून कान दिला. डावीकडून ठमीचा बसलेला आवाज आला.

सासरे घामाघूम होऊन गाडी हलवत होते. मला पाहताच म्हणाले, "सापडली ना राई?"

"हे वुड आहे, बाबा."

"वुड म्हणजे लाकूड."

"आधी तिकडे तोंड करा!"

ते वळून झाडाच्या खोडाकडे बघत उभे राहिले. मी मुळावर बसून ठमीला पदराखाली घेतलं. दोन हुंदके, मग गटागटा. माझ्याच डोळ्यांना धार लागली.

मग ते खोडालाच सांगितल्यासारखं हळू म्हणाले, "दर पाच मिनिटांनी तिला सांगत होतो, आलीच हं आई, आलीच. तिला वाटलं असेल, म्हातारा नुसताच बोलतो."

मी ठमीचा पाय हातात घेतला. तो गार होता, एकाच पायात मोजा.

"पितेय ना गं?" त्यांनी मान न वळवताच विचारलं.

"पितेय, बाबा."