सगळ्या ठिपक्यांतून जाणारी रेघ

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर एका आजारी बाईच्या रक्तातल्या साखरेचे जुने आकडे ठिपके होऊन उमटले. रेघबाबांनी डोळे मिटले आणि एक लाल रेघ वळणं घेत प्रत्येक ठिपक्यातून गेली. एकही सुटला नाही, आणि शेवटच्या ठिपक्यापुढे ती खाली उतरत गेली. लोकांनी हात जोडले.

"डॉक्टर नुसता अंदाज सांगतात," बाबा म्हणाले. "आमची रेघ विश्वाच्या कंपनातून येते. बघा ताई, पुढच्या महिन्यात साखर कशी उतरलीय."

मागे गणिताच्या प्राध्यापकबाई दादा-वहिनींसोबत बसल्या होत्या. दादांचीही रेघ अशीच उतरती निघाली होती आणि तेव्हापासून त्यांनी इन्शुलिन बंद केलं होतं. बाईंनी समजावून पाहिलं, भांडून पाहिलं, शेवटी रडूनही पाहिलं. दादा ढिम्म.

बाई उठल्या. "बाबा, माझ्या दादांचे आकडे पुन्हा घाला. फक्त शेवटचा झाका. तो आपल्याला ठाऊकच आहे. बघू रेघ तिथवर पोहोचते का."

एवढ्या लोकांसमोर नाही कसं म्हणणार? रेघ निघाली, उरलेल्या ठिपक्यांतून गेली आणि पुढे थेट शून्याच्या खाली कोसळली. कोणीतरी फिसकन हसलं.

"हिला बहुपदी म्हणतात," बाई म्हणाल्या. "शाळेतल्या क्ष-वर्ग, क्ष-घनांची बेरीज. पुरेसे घात वाढवले की ती हव्या तेवढ्या ठिपक्यांतून जातेच. आमच्या गल्लीतले घरक्रमांक घाला, त्यांतूनही जाईल. पण घात वाढले की ती टोकांना उधळते, आणि ठिपक्यांपलीकडे तिचा भरवसाच नाही. तपासणीचे आकडे थोडे इकडेतिकडे होतातच. म्हणून अचूकता हवी असेल तर घात कमी ठेवतात, काही ठिपके थोडे चुकू देतात, आणि चूक किती असेल तेही सांगतात."

बाबा मंद हसले. "ताईंच्या शंकेनं कंपन बिघडलं. तो झाकलेला आकडा द्या."

आकडा दिला. रेघ पुन्हा सगळ्यांतून गेली. टाळ्यांत बाईंचा आवाज बुडाला.

बाहेर पायऱ्यांवर दादा म्हणाले, "तुझी रेघ माझे ठिपके चुकवणार. बाबांची चुकवत नाही."

"दादा, झालेलं गाठायला काय लागतं? न पाहिलेला आकडा गाठते का ते बघ."

लहानपणी थोपटायचे तसं दादांनी बाईंच्या डोक्यावर थोपटलं आणि ते चालू लागले.

त्याच आठवड्यात दादांना बेशुद्ध अवस्थेत दवाखान्यात आणलं. साखर भयंकर वाढली होती. बाई बाकावर बसून होत्या. वहिनी फोन घेऊन आल्या.

"वन्सं, बाबांना आजचा आकडा कळवला. बघा ना, त्यातूनही रेघ बरोबर गेली. आणि आता उतरतेय."

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "वहिनी, आकडा कळल्यावर काढलेली रेघ चुकेल कशी? जो आधी सांगतो आणि चुकलं तर कबूल करतो, त्याचं ऐका. आत डॉक्टरांनी इन्शुलिन लावलंय. दादा शुद्धीवर आले की ते बंद करू देऊ नका. एवढं एकच करा."

वहिनींनी मान डोलावली. त्यांची नजर फोनवरच्या उतरत्या रेघेवरून हलली नव्हती.