ओळींच्या शेवटी

"माझी अख्खी फाइल पुसलीस तू! एक ओळ शिल्लक ठेवली नाहीस!" प्रोफेसर खुर्चीतून उठलाच.

"एक शब्द बदललाय मी. एकच! घरच्या लॅपटॉपवरून." लंबूचाही आवाज चढला.

प्रत्येक गोष्टीवर व्याख्यान झोडतो म्हणून ऑफिसात एक प्रोफेसर झाला होता आणि उंचीमुळे दुसरा लंबू. त्यांची जुंपलेली असताना तिकडे अँब्युलन्स कक्षाचा प्रोग्राम सकाळपासून सुरूच होत नव्हता. कक्षातल्या बायका फोन मानेत धरून पत्ते कागदावर उतरवत होत्या, ड्रायव्हरांना ओरडून सांगत होत्या.

टीममध्ये सगळ्यांत जुन्या ताई. त्यांनी लंबूनं पाठवलेली फाइल नजरेखालून घातली आणि त्या हसल्या.

"घरचा लॅपटॉप म्हणालास ना? मग भांडू नका. कुणी काही पुसलेलं नाही."

"मग प्रत्येक ओळ बदललेली का दिसतेय?"

"बदललीच आहे. पण शेवटी. ओळ संपली हे सांगायला इथली मशीनं एक खूण घालतात, याचा लॅपटॉप दोन घालतो. आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत. बाकी फायलींत ती चालून जाते, पण प्रोग्राम सुरू करणारी फाइल ही. सर्व्हर त्या जास्तीच्या खुणेला अडखळतोय."

त्यांनी जास्तीच्या खुणा काढून फाइल परत पाठवली. थोड्याच वेळात कक्षातून फोन आला. "सुरू झालं हो, ताई!"

"झालं ना? आता कायमचा बंदोबस्त करू," ताई म्हणाल्या. "सगळ्या फायली एकदाच सारख्या करायच्या आणि प्रोजेक्टमध्येच नियम घालून ठेवायचा. मग कुणी कुठूनही लिहू दे, साठवताना खूण एकच."

प्रोफेसर चुळबुळला. "ताई, सरांच्या फायली सगळ्या दोन खुणांच्या आहेत. ओळीला शेवटी हात लावतो त्याचं नाव नोंदीत दिसतं; त्या बदलल्या की ओळीओळीपुढे तुमचं नाव लागेल. त्यांचं एकही राहणार नाही."

सर जाऊन वर्ष होत आलं होतं. हा प्रोग्राम त्यांनी एकट्यानं उभा केला होता, ताईंना हाताला धरून शिकवलं होतं. ताई खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"नाही लागणार. ओळ कुणी लिहिली असं कुणी विचारलं, तर आजचा बदल मोजूच नकोस, असं त्या नोंदी ठेवणाऱ्या सिस्टिमला बजावून ठेवता येतं."

दुपार सरता सरता काम आटोपलं. लंबूनं आपल्या लॅपटॉपवरून मुद्दाम दोनदा फाइल बदलून पाहिली. काही बिघडलं नाही. प्रोफेसरनं त्याच्या पाठीत धपाटा घातला आणि दोघे खाली चहाला गेले.

ताईंनी सरांची एक फाइल उघडली. ओळीओळीपुढे सरांचंच नाव होतं. मध्येच त्यांची टीप होती, 'रूग्ण आधी, बाकी सगळं नंतर.'

दुसऱ्या कुणाचा असा चुकीचा दीर्घ ऊकार ताईंनी कधी खपवून घेतला नसता. त्यांचं बोट सवयीनं कीबोर्डवर गेलं. मग त्यांनी हात मागे घेतला आणि तो ऊकार तसाच ठेवून फाइल मिटली.