खालचा कप्पा

प्रथिनाचं काम दादाला दोन मिनिटांत कळलं. आमच्या प्रयोगशाळेत येणाऱ्या पाहुण्यांना तासभर लागायचा. दादा नळजोडणीचं काम करायचा, त्यामुळे त्याला पाइपच्या भाषेत सांगितलं की झालं. गाठ वाढायची तर तिला रक्त लागतं, म्हणून ती आजूबाजूच्या रक्तवाहिन्यांना नवे फाटे फोडायला लावते आणि त्यांवर पोसते. हे फाटे फुटू न देणारी काही प्रथिनं शरीरातच असतात. आम्ही त्यांतलंच एक बनवत होतो.

"म्हणजे माझ्या यकृतात कुणीतरी चोरून कनेक्शन घेतलंय," दादा म्हणाला, "आणि तू ते तोडायला येणार."

मी हो म्हणाले. माझं तोंड आधीपासून मोठंच.

प्रयोगशाळेत मला अंडेवाली म्हणत. कोंबडीची फलित अंडी उबवणपेटीत ठेवायची, तिसऱ्या दिवशी कवचाला नखाएवढी खिडकी पाडून वर चिकटपट्टी लावायची, आठव्या दिवशी त्या खिडकीतून प्रथिनाचा थेंब सोडायचा आणि अकराव्या दिवशी आतल्या पडद्यावर किती रक्तवाहिन्या फुटल्या ते मोजायचं, हे माझं काम. निम्म्या अंड्यांत प्रथिन, निम्म्यांत नुसतं मिठाचं पाणी. वर्षभर एकच निकाल येत होता. पाण्याच्या अंड्यांत लाल जाळं दाट, प्रथिनाच्या अंड्यांत विरळ. मॅडम, म्हणजे आमच्या प्रमुख, सहसा कुणाचं कौतुक करत नसत, पण माझा हात स्वच्छ आहे म्हणायच्या.

त्या स्वच्छ हाताची एक सवय होती. पाण्याची अंडी वरच्या कप्प्यात, प्रथिनाची खालच्या. का, तर प्रथिनाचा थेंब चुकून ओघळलाच तर तो पाण्याच्या अंड्यांवर पडू नये. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, माझंच डोकं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ते उगाच नाही.

माणसांवरची पहिली चाचणी ठरली तेव्हा बारा जणांत दादाचं नाव लागलं. अट एवढीच होती की आधीचं औषध सहा आठवडे पूर्ण बंद हवं. दादाच्या जुन्या सुयांनी गाठ कमी होत नव्हती, पण वाढतही नव्हती. त्या थांबवायला वहिनीचा जीव धजेना. मी तिला समोर बसवून वर्षभराचे आकडे दाखवले. तिला त्यातलं ओ की ठो कळलं नाही. तू म्हणतेस ना, मग थांबवू, म्हणाली. सुया थांबल्या.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी नवी खेप मोजायला घेतली. मधे वरच्या कप्प्याची जाळी तुटली होती, म्हणून या खेपेची सगळी अंडी खालीच ठेवलेली होती. पाहते तर पाण्याच्या अंड्यांतही जाळं विरळ. आधी मी अंडी पुरवणाऱ्याला शिव्या घातल्या. मग थर्मामीटर काढून खाली ठेवला. वर्षभर तो वरच लटकत होता. खालचा कप्पा दीड अंश थंड निघाला. थंडीत पिल्लू सावकाश वाढतं, रक्तवाहिन्याही सावकाश फुटतात. आमच्या प्रथिनाने काहीच केलं नव्हतं. 

त्याच दिवशी सांगायला हवं होतं. मॅडमना, दादाला, निदान वहिनीला. मी मूग गिळून बसले. स्वतःला म्हटलं, आधी खात्री करू. नवी जाळी बसवली, प्रथिनाची अंडी वर ठेवली आणि अकरा दिवस थांबले. जाळं इतकं दाट आलं की मोजताना डोळे दुखले. एका निकालावर काय जायचं, म्हणून आणखी अकरा दिवस. खरं तर खात्री मला पहिल्याच दिवशी झाली होती. माझं कुठेतरी चुकलं असावं, एवढीच आशा होती. त्या दिवसांत मी रोज संध्याकाळी दादाकडे जात होते. त्याने पट्ट्याला खिळ्याने दोन नवी भोकं पाडली होती, तीही मी पाहिली.

बाविसाव्या दिवशी मॅडमना सांगितलं. त्या रागावल्याही नाहीत. दुपारपर्यंत चाचणी रद्द झाली आणि मी तिथून थेट दादाकडे गेले. वहिनी कामावर होती. तो एकटाच हत्यारांच्या पेटीतले पाने पुसत बसला होता. मी कप्प्यासकट सगळं सांगितलं. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"कधी लक्षात आलं तुझ्या?"

खोटं बोलता आलं असतं. "बावीस दिवस झाले," मी म्हणाले.

"त्याच दिवशी सांगायचंस ना गं, ठमे."

एवढंच म्हणाला. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. मी रडत राहिले आणि तो पाने जागच्या जागी लावत राहिला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात डॉक्टरांनी जुना आणि नवा फोटो शेजारी शेजारी लावला. गाठ दुप्पट झाली होती. जुनं औषध आता यकृताला झेपणार नाही, म्हणाले. वहिनीने विचारलं, आधी आलो असतो तर? डॉक्टर म्हणाले, तीन आठवड्यांपूर्वी कदाचित देता आलं असतं.

"पण तेव्हा चाचणी होणारच होती ना?" वहिनी माझ्याकडे वळली. "ती बंद पडली ते तर कालच कळलं."

मी तोंड उघडलं.

"मला तेव्हाच कळलं होतं," दादा म्हणाला. "हिने सांगितलं होतं. घरी बोलू नकोस म्हणून मीच हिला दम दिला. मला त्या सुयांचा कंटाळा आला होता."

खोलीत आम्ही चौघं होतो आणि खरं काय ते दोघांनाच ठाऊक होतं. मला बोलायचंच होतं तर ते त्याच क्षणी बोलायला हवं होतं. मी उघडलेलं तोंड मिटलं.

दादा त्यानंतर सात आठवडे होता. वहिनीने त्याचं सगळं केलं, अंग पुसलं, चमच्याने भरवलं, पण त्याच्याशी कामापुरतंच बोलली. "जगायचा कंटाळा येण्याइतकी मी नकोशी झाले होते का?" असं तिने त्याला एकदाच विचारलं. मी दारात उभी होते. दादाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

तो गेला त्या सकाळी तिने मला पोटाशी धरलं. तुलाही त्याने उगाच गोवलं गं, म्हणाली. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकवून रडले. तिला मी अजून सांगितलेलं नाही.